मिंगची कॉलर, मोंगोच्या भट्ट्या

तुळतुळीत डोकं, ओठांच्या कडेनं खाली उतरलेल्या बारीक मिशा, टोकदार दाढी आणि मानेमागे पंख्यासारखी उभी राहिलेली ताठ कॉलर. ज्यांनी ‘फ्लॅश गॉर्डन’चं एकही पान उघडलेलं नाही, त्यांनाही हा माणूस ओळखता येतो. नाव माहीत नसलं तरी धंदा माहीत असतो. हा सिंहासनावर बसणार, बोटानं खूण करणार, कुणाला तरी खड्ड्यात टाकायला सांगणार आणि मग पृथ्वी नष्ट करायच्या मागे लागणार.

मोंगो ग्रहाचा सम्राट मिंग हा अ‍ॅलेक्स रेमंडचा. ७ जानेवारी १९३४ रोजी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत ‘फ्लॅश गॉर्डन’ सुरू झालं. ‘बक रॉजर्स’ ही दुसऱ्या सिंडिकेटची चित्रकथा १९२९ पासून जोरात चालली होती, तिला तोड म्हणून किंग फीचर्सनं ही काढली. म्हणजे हा मिंगसुद्धा मुळात बाजारातल्या चढाओढीतून जन्मलेला. रेमंडच्या चित्रांना शब्द बराच काळ डॉन मूर पुरवत होता, पण त्याचं नाव पानावर नसे. त्याला आता नव्वद वर्षं होऊन गेली. या काळात मिंगचे किती अवतार झाले याची यादी कंटाळवाणी होईल, म्हणून दोनच सांगतो. १९३६ च्या युनिव्हर्सलच्या तेरा भागांच्या मालिकेत चार्ल्स मिडलटन मिंग झाला आणि १९८० च्या माइक हॉजेसच्या चित्रपटात मॅक्स फॉन सिडो. मधल्या काळात जॉर्ज लुकासला ‘फ्लॅश गॉर्डन’च करायचा होता, हक्क मिळाले नाहीत, म्हणून त्यानं स्वतःची गोष्ट रचली आणि १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ आला. तिथल्या सम्राटाच्या डोक्यावर टोपडं आलं, कॉलर गेली, पण बसायची ढब तीच राहिली.

मिंगचा वारसा मोठा आहे याबद्दल कुणाचा वाद नाही. मला वाद घालायचा आहे तो त्या वारशात नेमकं काय आलं यावर. माझं म्हणणं असं की वारसदारांनी कपडे घेतले आणि राज्य मागे ठेवलं. मिंग राज्य कसं चालवतो, कुणाच्या जिवावर चालवतो, हे रेमंड-मूरच्या पानांत आहे, ठळकपणे आहे, आणि तेच नेमकं पुढे फारसं कुणी उचललं नाही.

हे मला कळायला वेळ लागला, कारण आमच्याकडे मिंगच्या आधी मिंगच्या नकला पोचल्या. आमच्याकडे म्हणजे कर्जत लाइनवर, अंबरनाथला. टाइम्सच्या इंद्रजाल कॉमिक्सची सुरुवात मार्च १९६४ ची. फँटम म्हणजे आपला वेताळ, जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, पुढे १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर, असं सगळं मराठीतही येत असे. नवा अंक विकत घेणं ही आमच्या घरात चैन होती. आमचा पुरवठा उल्हासनगरच्या रद्दीवाल्यांकडून. किलोनं आलेल्या गठ्ठ्यातून अंक बाजूला काढून ठेवणारे दोन-तीन जण होते, ते पाटाखालून काढून दाखवायचे. मुखपृष्ठ गेलेलं, मधली चार पानं कुणाच्या तरी शेंगदाण्यांना लागलेली. या वाटेनं मला मिळालेल्या फ्लॅशच्या अंकांत मिंग नव्हताच. रॉकेटं होती, परग्रहावरची माणसं होती, सम्राट नव्हता. सम्राट भेटला पडद्यावर. आधी ‘शान’मधला शाकाल, म्हणजे कुलभूषण खरबंदा आणि मग १९८७ मध्ये ‘मिस्टर इंडिया’तला मोगॅम्बो. रेमंडची मूळ रविवारची पानं मी पाहिली ती पुस्तकरूपात, चाळिशी जवळ आल्यावर. तोवर मी नकलांवरून मूळ कसं असेल याचा अंदाज बांधून बसलो होतो: एक वेडा माणूस, एक खुर्ची आणि एक मोठं बटण.

मूळ पानं उघडल्यावर आधी चित्रांनी गप्प केलं, हे कबूल करायला हवं. रेमंडचा हात फार देखणा. कापडाच्या चुण्या, घोड्यासारख्या ताणलेल्या मांड्या, धुक्यातले मनोरे. पण दोन-तीन वर्षांची पानं सलग वाचली की चित्रांमागे एक राज्यव्यवस्था दिसायला लागते. मोंगोवर सिंहमानव आहेत, गरुडासारखे पंख असलेले लोक आहेत, पाण्याखालचे आहेत, जंगलातले आहेत. प्रत्येकाचा स्वतंत्र राजा, प्रत्येकाचा स्वतंत्र प्रदेश. या सगळ्यांनी एका दिवशी एकत्र यायचं ठरवलं तर मिंगचं काही खरं नाही, आणि हे मिंगइतकं कुणालाच माहीत नाही. म्हणून त्याचा बराचसा वेळ पृथ्वीवर हल्ले करण्यात जात नाही. तो जातो मांडलिकांना एकमेकांच्या अंगावर ठेवण्यात. कुणाला मुलगी देऊ करायची, कुणाचा अपमान गिळायचा, कुणाला कुणाच्या हद्दीत सोडायचं. तो भांडणांचा हिशेब ठेवणारा मुनीम आहे. कॉलर असलेला.

यातला सगळ्यात चलाख प्रसंग मोंगोच्या जीवघेण्या स्पर्धेचा. योद्ध्यांनी एकमेकांना संपवायचं, उरेल त्याला राज्य. फ्लॅश जिंकतो, आणि बक्षीस म्हणून त्याला किराच्या गुहांचं राज्य मिळतं. ते राज्य आधीच दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात आहे. तिथे अझुरा नावाची जादूगार राणी बसलेली आहे. मिंगनं खिशातलं काहीच दिलेलं नाही. एका त्रासदायक माणसाला दुसऱ्या त्रासदायक बाईच्या दारात नेऊन सोडलं, वर स्वतः दाता म्हणून मिरवला. ज्यानं कुठल्याही नगरपालिकेत तिकिटांचं वाटप पाहिलंय त्याला हे पान समजावून सांगावं लागणार नाही.

याच हिशेबानं पाहिलं तर फ्लॅशची खरी ताकद त्याच्या ठोशात नाही. सिंहमानवांचा थन त्याच्याशी आधी लढतो आणि मग मित्र होतो. पंखवाल्यांचा राजा व्हल्टन डेलला पळवतो, फ्लॅशला कैद करतो आणि शेवटी त्याच्या बाजूनं उभा राहतो. एकेक भांडण मिटतं तसा मिंगच्या वहीतला एकेक आकडा खोडला जातो. या चित्रकथेत मैत्री ही भावनेची गोष्ट कमी आणि राजकारणाची जास्त आहे. १९८० च्या चित्रपटात हे थोडं शिल्लक आहे. राजपुत्र आणि पंखवाले शेवटी एकत्र येतात. पण तिथे सगळ्यांचं लक्ष सिडोच्या झग्यावर आणि क्वीनच्या संगीतावर. दोन्ही झकास आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आता भट्ट्यांकडे येतो, कारण या लेखाला मी त्यांच्यासाठी बसलो.

व्हल्टनची नगरी आकाशात तरंगते. झोतांवर तरंगते. आणि ते झोत पेटते राहावेत म्हणून खाली भट्ट्या आहेत. फ्लॅशला कैद करून त्या भट्ट्यांवर पाठवतात. हातात फावडं, अंगावर घाम, मागे पहारेकरी. १९३६ च्या मालिकेतही हा भाग आहे, आणि काळ्या-पांढऱ्यात तो जास्तच अंगावर येतो. शेवटी भट्टीत स्फोट होतो, नगरी कोसळायला लागते, मग डॉक्टर झारकॉव्ह आपल्या नव्या किरणांनी ती सावरतो. राजा खूश, कैदी मोकळे, मेजवानी.

अंबरनाथला वाढलेल्या माणसाला या पानावरून पुढे जाता येत नाही. आमच्या गावात ऑर्डनन्स फॅक्टरी, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, विम्को आणि मग एमआयडीसीतले रसायनांचे कारखाने. गाव पाळ्यांवर चालायचं. भोंग्यावर घड्याळं लावली जायची. पहिल्या पाळीचे बाप दुपारी झोपलेले असायचे म्हणून आम्ही पोरं चाळीमागे खेळायचो. त्यामुळे मिंगच्या सैनिकांचं ते चकचकीत चिलखत पाहिलं की पहिला प्रश्न पडतो: हे ओतलं कुणी? पॉलिश कुणी मारलं? रॉकेटांचे सुटे भाग कुठल्या शेडमध्ये तयार होतात, आणि त्या शेडमधले लोक मिंगबद्दल काय बोलतात? नव्वद वर्षांच्या वारशात याचं उत्तर जवळजवळ नाही. जुलमी राजा आहे, बंडखोर राजपुत्र आहेत, मधे माणसंच नाहीत. रेमंडनं एकदा, काही रविवार, दार उघडून भट्टी दाखवली आणि बंद केली. तीसुद्धा मिंगची नाही, व्हल्टनची. व्हल्टन पुढे ‘चांगला’ होतो. चांगला झाल्यावर त्यानं भट्ट्यांचं काय केलं? झारकॉव्हच्या किरणांमुळे त्यांची गरज संपली असेल, तर तिथल्या लोकांना कुठे घेतलं? झारकॉव्ह नगरी वाचवतो आणि कथा वरच्या मजल्यावर निघून जाते.

शेवटही तसाच. १९४१ मध्ये मिंगची गादी जाते आणि सत्ता जाते बॅरिनकडे. बॅरिन हा मिंगच्या मुलीचा, ऑराचा नवरा. म्हणजे एवढी वर्षं लढून सत्ता जावयाकडे. मराठी वाचक हसेल, आणि हसून झाल्यावर त्याला ते ओळखीचंही वाटेल. विजय तेंडुलकरांनी १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आणला तेव्हा जुलमी माणूस कसा लागतो म्हणून तयार केला जातो, वापरला जातो आणि काम संपल्यावर गर्दीच्या हवाली केला जातो, हे दाखवलं होतं. घाशीराम जातो, नाना राहतात. रेमंड-मूरला नाना दिसत होते, असं मला ती स्पर्धेची पानं वाचताना वाटतं. पण रविवारच्या पुरवणीत नानांवर गोष्ट संपवता येत नसणार.

रंगाबद्दल बोलल्याशिवाय मिंगवर लिहिणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. मिंग हे चिनी राजघराण्याचं नाव. त्या मिशा, ती दाढी सॅक्स रोमरच्या फू मांचूची. त्या कादंबऱ्या १९१३ पासूनच्या. सुरुवातीच्या पानांत मिंगची कातडी चक्क पिवळी रंगवलेली आहे. पाश्चात्त्य देशांत तेव्हा ‘पिवळ्या संकटा’ची जी भीती घातली जात होती, तीच ही. आपल्याकडे या गोष्टीला वेगळी कड आहे. इंद्रजालच्या संपादकांनी वेताळाच्या गोष्टींतल्या भारतीय वाटणाऱ्या खलनायकांची नावं बदलली होती. समुद्री चाच्यांच्या टोळीचं मूळ नाव ‘सिंग’, ते ‘सिंगा’ केलं. ‘रामा’ नावाच्या खुन्याचा ‘रामालू’ झाला. बेंगालाचं डेंकाली झालं. शहाणपणाचा निर्णय होता. आपल्या नावांना लागलेला डाग आपल्याला लगेच दिसला. पण १९६२ च्या युद्धाला दोनच वर्षं झाली होती, आणि आसाम-बंगालातली चिनी वंशाची कुटुंबं राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलेली होती. त्या वर्षांत मिंगची मिशी कुणाला खटकली असती असं मला वाटत नाही.

नंतर अमेरिकेतच लाज वाटू लागली आणि मिंगचा रंग धुतला गेला. ऐंशीच्या दशकापासूनच्या कार्टूनांत तो हिरवा झाला, कुठे सरड्यासारखा. बरं झालं. फक्त हे धुणाऱ्यांचा असा समज दिसतो की रंग गेला म्हणजे काम झालं. हिरव्या मिंगचं राज्य पिवळ्या मिंगपेक्षा पोकळ आहे. त्याला मांडलिक नाहीत, हिशेब नाही, स्पर्धा नाही. तो फक्त हसतो.

इथे मला उल्हासनगरची बाजू घ्यायची आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आणून ठेवलं, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. बराकींना कॅम्प नंबर मिळाले, ते आजही पत्त्यात आहेत. रिकाम्या हातांनी आलेल्या लोकांनी जे मिळेल ते बनवायला सुरुवात केली, आणि मग ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद सगळ्या मुंबईनं केला. नक्कल म्हटली की उल्हासनगर. पण नक्कल करणारा कारागीर काय करतो हे मी जवळून पाहिलंय. तो आधी वस्तू उसवतो. जीन्स असेल तर शिवण उसवून तुकडे टेबलावर मांडतो, मिक्सर असेल तर स्क्रू काढून मोटर बघतो. बाहेरचं लेबल तो सगळ्यात शेवटी लावतो. मिंगची नक्कल करणाऱ्या बहुतेकांनी लेबल आधी लावलं आणि आतली मोटर बघितलीच नाही.

‘बहुतेकांनी’ म्हणतोय, कारण अपवाद आहेत. पहिला अपवाद आपला मोगॅम्बो. सोनेरी नक्षीचा कोट, बेट, सिंहासनाच्या हाताला पृथ्वीचा गोल, त्याच्या हुकमावर आम्लाच्या हौदात उडी घेणारे शिपाई. हे सगळं मिंगच्या दरबारातलं वाटतं. अमरीश पुरींनी ते इतक्या मजेत केलंय की खूश होण्याचा हक्कच त्यांच्या नावावर झालाय. पण सलीम-जावेदच्या पटकथेत आणखी एक गोष्ट आहे, जी रेमंडकडे नाही: धान्यात खडे मिसळणारा वाणी. मोगॅम्बोचं बेट आणि त्या वाण्याची तागडी एकाच गोष्टीत राहतात. अदृश्य नायक आधी रेशनपाण्याच्या पातळीवरचा हिशेब चुकता करतो, बेटावर जायला अजून बराच वेळ असतो. मोगॅम्बो मिंगपेक्षा बावळट आहे, पण त्याचं राज्य आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचतं. मिंगचं पोचत नाही.

दुसरा अपवाद जॅक कर्बीचा. डीसी कॉमिक्समध्ये १९७० साली त्यानं डार्कसाइड आणला. दगडी चेहरा, लाल डोळे, आणि त्याचा ग्रह अपोकोलिप्स, ज्याच्या पृष्ठभागावर आगीचे प्रचंड खड्डे धगधगत असतात. कर्बी न्यू यॉर्कच्या लोअर ईस्ट साइडच्या गरीब वस्तीत वाढला. कदाचित त्यामुळे त्याला खड्ड्यांभोवतीची माणसं दिसली असावीत. तिथे खालच्या दर्जाचे म्हणून हिणवलेले लोक राहतात, राबतात, ‘डार्कसाइड’ या नावाखाली दबून असतात. १९८५ च्या ‘द हंगर डॉग्ज’ या पुस्तकात याच लोकांचा उठाव होतो. त्याच पुस्तकात ग्रह उडवून देणारी छोटी, स्वयंचलित शस्त्रं आलेली आहेत, आणि त्यामुळे जुने योद्धे निरुपयोगी होऊ घातले आहेत. डार्कसाइडची दहशत अगदी साध्या कारणानं कमी होते: त्याचं यंत्र चालवणारे यंत्र सोडून निघतात. माझ्या लेखी रेमंडच्या भट्टीचा खरा वारस हे पुस्तक आहे. डार्कसाइड पुढे चित्रपटात आला तेव्हा काय आलं? दगडी चेहरा आणि लाल डोळे. थॅनोसचंही तेच, बदलापूरच्या सोसायट्यांत वाढदिवसाला पोरं त्याची सोनेरी मूठ घालून फिरतात. त्याला तर प्रजाही लागत नाही, एक चुटकी पुरते.

तिसरा अपवाद जवळजवळ सगळ्यांनी विसरायचं ठरवलेला. २००७ साली अमेरिकेत ‘फ्लॅश गॉर्डन’ची नवी मालिका आली आणि एका हंगामात बंद पडली. फसलीच होती ती. संवाद पोकळ, प्रसंग रेंगाळलेले, परग्रह म्हणजे कुठलंतरी रान. टीकाकारांनी आणि जुन्या चाहत्यांनी तिला धुतलं, आणि त्यांची एक मोठी तक्रार मिंगबद्दल होती. हा मिंग गोरा, केस असलेला, लष्करी गणवेशातला, स्वतःला दयाळू पिता म्हणवून घेणारा. ना मिशा, ना कॉलर. हा कसला मिंग?

पण याचं राज्य कशावर उभं आहे ते पाहा. मोंगोवर एक मोठी आपत्ती होऊन गेली आहे, पाणी विषारी झालं आहे, आणि पिण्यालायक पाण्याचा साठा एकट्या मिंगच्या ताब्यात आहे. त्याला कुणाला खड्ड्यात टाकावं लागत नाही. पाणी देणं किंवा न देणं एवढंच पुरतं. मांडलिक टोळ्या त्याच्याशी का जुळवून घेतात, एकमेकांकडे संशयानं का बघतात, याला इथे ठोस कारण मिळालं. रेमंडच्या मिंगची वही इथे पुन्हा उघडली गेली, तीही वाईट नटसंचात आणि कमी पैशांत.

ही मालिका मी बदलापूरला एका मित्राकडे पाहिली, एका आठवड्याच्या पाणीकपातीत. बारवी धरण तिथून जवळ आहे. ते एमआयडीसीचं, त्याच्या पाण्यावर कारखाने चालतात आणि आजूबाजूची शहरंही तहान भागवतात. उल्हासनगर तर पाण्यासाठी एमआयडीसीवरच अवलंबून. उशाला उल्हास नदी, मधून वालधुनी वाहते. वालधुनीचा रंग कधी निळा, कधी तांबडा, त्या दिवशी कुठल्या रंगाचं काम चाललंय त्यावर. २०१४ च्या नोव्हेंबरात तिच्यात रसायनं ओतली गेली आणि उल्हासनगरात शेकडो माणसांना रात्रीत दवाखाने गाठावे लागले. यात कुणी मिंग नव्हता. असता तर गोष्ट सोपी झाली असती, निदान चित्र काढायला. मित्राची आई मात्र ती मालिका आमच्यापेक्षा मन लावून पाहत होती. इंग्रजी तिला फारसं कळत नव्हतं. पिंप भरून झाल्यावर ती येऊन बसली आणि तिनं विचारलं, “ह्याचं पाणी किती वाजता येतं?” प्रश्न तिनं विनोदानं विचारला नव्हता. ते पाणी कोण सोडतो, चावी कुणाच्या हातात असते, त्या चावीवाल्याला कोण किती देतं, हे तिला पाहायचं होतं, आणि मालिकेत ते नव्हतं.

मराठीत विज्ञानकथा आहे. नारळीकरांपासून तिची चांगली परंपरा आहे. विज्ञान-चित्रकथा मात्र मला नाव घेण्याजोगी आठवत नाही, आणि तिच्यातला एखादा ठसठशीत जुलमी राजा तर नाहीच. हल्ली उत्तम चित्र काढणारी मुलं आहेत. त्यांच्या वह्यांत मला बऱ्याचदा ताठ कॉलरी आणि लाल डोळे दिसतात. हात चांगला असतो. अशा वह्या दाखवायला कुणी आलं की मी रेमंडचं ते भट्टीचं पान काढून देतो आणि फ्लॅशला झाकून बाकीचे बघायला सांगतो. फावडं धरलेले तीन-चार जण मागे आहेत. रेमंडसारख्या माणसानं, जो झग्याची एकेक चुणी काढायचा, त्यांच्या चेहऱ्यांवर दोनच रेघा ओढून सोडल्या आहेत.